बोटभर

टेबल न्यायला बेकरीची माणसं आली तेव्हा टेबलावर बाईंचं कापड पसरलेलं होतं आणि कापडाभोवती घरातलं झाडून सगळं माणूस उभं होतं. हात मात्र कोणी लावत नव्हतं. ओला रंग दिलेल्या दारापासून उभं राहावं तसे सगळे वीतभर लांब.

बेकरीची माणसं दोन होती, एक जाडा आणि एक उंच. त्यांनी हातगाडी दुकानाच्या पायरीला लावली आणि आत डोकावून टेबलाचे पाय न्याहाळले. धाकट्या मुलानेच त्यांना आज दुपारचं बोलावलं होतं. दुकान शिंप्याचं, आणि शिंप्याला घरात मुलंही मास्तरच म्हणत. मास्तरांच्या वडिलांनी करून घेतलेलं हे बेतायचं, म्हणजे कापड आखून कापायचं टेबल आता बेकरीत पीठ मळायला जाणार होतं. त्या जागी काचेची कपाटं यायची होती आणि कपाटांत शाळांचे तयार गणवेश.

"जरा थांबा," धाकटा म्हणाला, "एक काम निघालंय."

"किती वेळ?" जाड्याने विचारलं.

घरातल्या प्रत्येकाला तेच विचारायचं होतं. उत्तर ज्याच्याकडे होतं तो थोरला मुलगा खिडकीपाशी उभा राहून खडूला धार काढत होता. सकाळपासून काढत होता. आता कात्री नसती तरी त्या खडूने कापड कापता आलं असतं.

कापड बाईंचं, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचं. खरं तर त्यांच्या यजमानांचं. यजमानांनी ते तरुणपणी हौसेनं घेतलं, गडद हिरवं, लोकरीचं, अंगावर बारीक लव असलेलं; आणि चांगल्या प्रसंगाला शिवू म्हणून घडी घालून कपाटात ठेवून दिलं. प्रसंग पुष्कळ आले. प्रत्येक प्रसंग यजमानांना कापडापेक्षा उणाच वाटला. शेवटी ते गेले आणि कापड राहिलं. आता बाई निवृत्त होत होत्या. उद्या शाळेत निरोपाचा समारंभ होता, आणि त्या कापडाचा कोट अंगावर घालूनच शाळेच्या पायऱ्या उतरायच्या असं त्यांनी ठरवलं होतं. "ह्यांनी जपून जपून घालवलं, मी घालून घालवते," असं त्या मास्तरांना म्हणाल्या.

मास्तर हो म्हणाले. हो म्हणायची जन्माची सवय. हात थरथरतो हे त्यांच्या हाताला कळलं होतं, जिभेला अजून कळलेलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यापासून त्यांनी कात्री धरली की उजवा हात स्वतःचंच काहीतरी सांगू लागे. म्हणून दुकानातलं सगळं बेतणं, गिऱ्हाइकाच्या अपरोक्ष, मागच्या गल्लीतल्या कटरकडे जायचं. त्याने बाईंचं कापड पंधरवडाभर उशाशी ठेवलं आणि आज सकाळी तसंच परत पाठवलं. वर निरोप: घडीवर रंग उडालाय, कापड तोकडं आहे, जोखीम ज्याची त्याने घ्यावी.

माणूस शहाणा. घडी घातलेल्या जागी कापडाच्या मधोमध वरपासून खालपर्यंत फिका पट्टा पडला होता. तो पाठीवर आला तर कोट चारचौघांत हसायला लावणार, छातीवर आला तर रडायला. आणि तो टाळून बेतायचं तर कापड असं नेमकं पुरत होतं की शिवणीत माया सोडायलाही जागा नव्हती.

थोरल्याचं तिथेच घोडं अडलं होतं. शिवणीत थोडी माया ठेवतातच, माणूस सुटलं तर उसवून वाढवता यावं म्हणून. थोरला मात्र जगण्यातच माया ठेवून होता. कुठे जायचं तर घरातून दोन गाड्या आधी निघणार. कोणाला काही सांगायचं तर आधी "बघा हं, माझं चुकतही असेल" म्हणणार. सांगितलेली गोष्ट मग चुकली तर त्याची आणि बरोबर आली तर भलत्याचीच. शिवण्यात त्याचा हात धरणारा गावात नव्हता. पण शिवण म्हणजे उसवता येतं. बेतणं उसवता येत नाही.

कोवळ्या वयात एकदा त्याने एका वकिलाचा कोट बेतला होता. पहिलाच. लवेचं कापड, एकेरी पसरलेलं. बाही उलटून मांडायची विसरला आणि दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या. मास्तर त्याला एक अक्षर बोलले नाहीत. त्याच्या हातातून कात्री काढून घेतली, भिंतीवरच्या उंच खिळ्याला अडकवली आणि त्याला चहा आणायला पाठवलं. तो चहा घेऊन आला तेव्हा टेबल पुसलेलं होतं. कोटाचं काय झालं हे त्याने विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही. वकील रस्त्यात दिसला की तो पलीकडच्या बाजूला जाई. वकील वारल्यावरच तो रस्ता त्याला मोकळा झाला. मास्तर बोलले नाहीत त्याची भरपाई आत्याने केली. मास्तरांची ही थोरली बहीण त्या दिवसापासून भाच्याला दोनडावे म्हणू लागली. त्याच्या लग्नातसुद्धा ती सुनेला म्हणाली होती, "आमचे दोनडावे जरा सांभाळून हो."

आज आत्या काउंटरच्या आत खुर्ची टाकून बसली होती आणि तिचं मत धाकट्याच्या बाजूला होतं. ते फुकट मिळालेलं नव्हतं. काचेची कपाटं आल्यावर गल्ल्यावर तीच बसणार असं धाकट्याने तिला कबूल केलं होतं.

"बाईंना सांगावं सरळ," आत्या म्हणाली. "कापड गेलं म्हणावं. नवऱ्यासारखंच."

"आत्या, तू गप्प बस गं," धाकटा म्हणाला. त्याला ती आपल्या बाजूची हवी होती, पण इतक्या मोठ्या आवाजात नको होती.

धाकट्याला घरात उडाणटप्पू म्हणत. पण हिशेब नीट मांडला तर घरात सगळ्यात जास्त कष्टाने आपटलेला माणूस तोच होता. त्याची अपयशं दुकानात फर्निचरसारखी उभी होती. उसाच्या रसाचं यंत्र बंद पडल्यावर त्याच्या चाकावर मास्तर दोऱ्याची रिळं ठेवत. झेरॉक्सचं मशीन इस्त्रीचं टेबल म्हणून कामाला आलं होतं. दर वेळी धाकटा दोन दिवस जेवायचा नाही, तिसऱ्या दिवशी नवीन काहीतरी घेऊन यायचा. आपण पडतो ते लोकांना दिसतं आणि दादा पडत नाही तेही दिसतं, हे त्याला लागायचं. पडायला आधी चढावं लागतं, हे कोणी मोजतच नाही. गणवेशाची एजन्सी ही त्याची या खेपेची चढण होती, आणि टेबल वाटेत होतं.

तरी आत्ता त्याला टेबलाकडे बघवत नव्हतं. लहानपणी दोघं भाऊ त्याच्याखाली कातरणांच्या ढिगात झोपत. "दादा," तो हळू म्हणाला, "नसेल होत तर नाही म्हण. मी जाऊन सांगतो बाईंना. मला सवय आहे."

तो टोमणा नव्हता. थोरल्याला मात्र टोमण्यापेक्षा जास्त लागला.

"बघतो ना," थोरला म्हणाला. "परत एकदा आखून बघतो."

त्याने सकाळी एकदा आखलं होतं, तेव्हा खिसा फिक्या पट्ट्यावर येत होता. मग पुढचा भाग जरासा सरकवून पुन्हा आखलं. आधीची रेघ ब्रशने झटकली, पण लोकरीतून खडू पुरता जात नाही. कापडावर आता एक ठळक रेघ होती आणि तिच्या आतून चाललेली एक पुसट, खोडून टाकलेल्या शब्दासारखी. तिसऱ्यांदा आखायला तो वाकला तेव्हा मशीनवर बसलेली थोरली सून बोलली.

थोरलीचं काम काज-बटणाचं. दुकानातला शेवटचा टाका तिचा, म्हणून तिला सगळ्यांच्या चुका कळत आणि ती कोणाच्या सांगत नसे. नवऱ्याचं झाकणं हे तिचं दुसरं काम होतं. मागच्या गल्लीत कापडं पोचवायला अंधार पडता पडता तीच जायची, शेजारणीने विचारलं तर भाजी आणायला निघाले म्हणायची. सकाळपासून ती नवऱ्याच्या बाजूने धाकट्याशी भांडली होती. आता तिने पाय मशीनच्या पायट्यावरून काढला.

"भाऊजी, टेबल देऊन टाका," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. आत्यासुद्धा, आणि आत्या फुकट वळत नसे.

"द्या म्हणते मी. तुमचं चुकतं, पण तुम्ही चुकलात हे कळतं तरी. इकडे काय, रोज आखायचं आणि रोज पुसायचं. मला गणवेशाची काजं चालतील. सगळी एका मापाची. रोज संध्याकाळी पिशवी घेऊन चोरासारखं गल्लीत जायला नको."

थोरल्याने खडू खाली ठेवला. घर तिच्याशिवाय उभं आहे अशी कल्पना त्याने कधी करून पाहिली नव्हती. आणि ती तर शेजारी बसून पलीकडे गेली होती.

मास्तर आतापर्यंत बाकावर हात मांडीखाली दाबून बसले होते. थरथर दिसू नये म्हणून ते हल्ली हातावर बसत. सून बोलली ते खरं होतं, आणि त्यातला अर्धा दोष आपला आहे असं त्यांना वाटलं. वकिलाचा तो कोट आपण कसा सावरला हे त्यांना लख्ख आठवत होतं. एका बाहीच्या आतल्या अंगाला सांधा घालून त्यांनी ती उलटी वळवली होती. वकिलाने कोट विटेपर्यंत वापरला, त्याला शेवटपर्यंत पत्ता नव्हता. आपण तेव्हा मुलाला ओरडा न देता वाचवलं असं ते धरून चालले होते. वाचवलं कसलं. चूक त्याच्या पदरात टाकली आणि तिच्यावरचा इलाज आपल्याकडे ठेवून घेतला. चहा आणायला पाठवायला नको होतं. पण हे बोलायचं कसं? मास्तरांना मापं घेताना बोलायची सवय होती, बाकी गप्प राहायची.

ते उठले. चवड्यांवर उभे राहून खिळ्यावरची कात्री काढली आणि टेबलावर, थोरल्याच्या बाजूला ठेवली. ठेवताना ती लाकडावर खडखडली. कोणी तिकडे बघितलं नाही, म्हणजे सगळ्यांनी बघितलं.

आता या घराची एक रीत होती. बेतणारा "कात्री" म्हणायचा आणि दुकानातलं प्रत्येक मशीन थांबायचं. पहिला काप पुरा होईस्तोवर कोणी बोलायचं नाही, खोकायचं नाही, गिऱ्हाईक आलं तरी ते दारात उभं. मास्तरांच्या वडिलांपासून चालत आलेलं. थोरल्याला त्या शांततेचीच धास्ती होती. वकिलाच्या कोटाच्या वेळी ती त्याच्या कानात जी बसली ती निघाली नव्हती. सगळे श्वास धरून आपल्या चुकीची वाट बघतायत असंच त्याला वाटे.

त्याने कात्री उचलली. थोरलीने सवयीने दिवा सरळ केला आणि मशीनवरून हात काढले.

"थांबू नकोस," तो म्हणाला. "मशीन चालू ठेव."

"काय शिवू?"

"काहीही. चिंधी शीव."

तिने एक कातरण घेतलं आणि त्यावर उगीच शिवण घालायला लागली. खडखड सुरू झाली. "आणि आत्या, तू बोलत राहा," थोरला म्हणाला. ही विनंती आत्याला आयुष्यात पहिल्यांदा झाली असावी. तिला एकदम विषयच सुचेना. मग तिने बेकरीच्या जाड्याला हाक मारली आणि परवाचा पाव कच्चा होता तो कोणामुळे, ही चौकशी सुरू केली. जाडा म्हणाला भट्टीमुळे. उंच म्हणाला याच्यामुळे.

त्या गलक्यात कात्रीचा पहिला करकर आवाज आला. धाकटा नकळत पुढे झाला आणि कापड सरकू नये म्हणून पलीकडची कड धरून उभा राहिला. खांदा झाला. मुंढ्याचं, बाही जोडायच्या जागेचं, वळण झालं. थोरल्याची मान लाल झाली होती, पण हात वळणावर ठाम होता, आणि मास्तर ते वळण आपल्या हवेतल्या बोटांनी बरोबरीने कापत होते. मुंढ्यावरून कात्री कडेला लागली, सरळ खाली निघाली. सरळ रेघ म्हणजे सोपं काम. सोपं काम आलं की माणूस सुटकेचा श्वास टाकतो.

कात्री कमरेशी पोचली आणि थांबली.

मशीन थांबलं. आत्याही थांबली, पावाच्या मध्यातच.

कात्री पुसट रेघेवरून आली होती. सकाळच्या, झटकलेल्या.

धाकटा पलीकडून वाकून बघत होता. "आतून गेलीय ना रे?" तो म्हणाला, आणि मग आपणच विचारल्याचा त्याला राग आला. बाईंना फोन करायला त्याचा हात खिशात गेला. आत्या तोंड उघडून बसली; दोनडावे हा शब्द तिच्या जिभेवर आलेला सगळ्यांना दिसला, आणि तिने तो गिळला हेही दिसलं. थोरलीने डोळे मिटून घेतले. आपण टेबल द्या म्हटलं म्हणूनच हे झालं, असा हिशेब तिने त्या एका क्षणात स्वतःच्या नावावर मांडूनही टाकला.

मास्तरांचा हात पुढे आला. थरथरता, तळवा वर. कात्री दे, म्हणून. तोंडातून शब्दही अर्धा निघाला होता: "चहा..."

थोरल्याने त्या हाताकडे बघितलं. मग टेप घेतला आणि ठळक रेघेपासून पुसट रेघेपर्यंत लावला. एकदा वर, एकदा कमरेशी. आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला धाकटा पुढे कित्येक वर्षं हसू म्हणणार होता आणि आत्या वेड म्हणणार होती.

"बोटभर," तो म्हणाला.

"काय?"

"बोटभर कमी आलंय. तेवढंच."

त्याने टेप पुन्हा लावला, जणू विश्वास बसत नव्हता. इतकी वर्षं ज्याच्यापायी तो रस्ते बदलत आला होता ते किती मोठं असेल याचा त्याने अंदाज केला नव्हता. दुकानाएवढं असेल, कदाचित घराएवढं. भीतीला माप घेता येत नाही. चुकीला मात्र उंची असते, रुंदी असते, ती टेपवर येते. आणि जे टेपवर आलं ते शेवटी कापडच.

"मास्तर, हात खाली घ्या," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "चहा आत्या आणेल."

कात्री त्याने दिली नाही.

मास्तरांचा हात थोडा वेळ तसाच राहिला, मग मागे गेला, आणि या वेळी त्यांना त्याच्यावर बसावंसं वाटलं नाही.

थोरला आता भराभर बोलत होता, धाकट्याशी, थोरलीशी, बहुतेक स्वतःशी. पुढचा भाग बोटभर अरुंद झाला तर बगलेतली, पुढच्या-मागच्या भागांमधली पट्टी बोटभर रुंद घ्यायची. ती पट्टी फिक्या भागातून निघेल, ते कापड पडूनच आहे. शिवण बोटभर पुढे येईल आणि फिका रंग काखेत जाईल.

"आणि एका बाजूची शिवण पुढे, दुसरीकडची मागे?" धाकट्याने विचारलं. "तिरकं दिसेल ना."

"दिसेल."

"मग?"

थोरल्याने कापडाची दुसरी बाजू पुढ्यात ओढली. तिथेही दोन रेघा होत्या, ठळक आणि पुसट. "मग इकडेही तीच चूक करायची," तो म्हणाला, आणि कात्री सरळ पुसट रेघेवर ठेवली. हा काप तो डोळे उघडे ठेवून, जाणूनबुजून, रेघेच्या आतून घेत गेला. काखेपासून खालपर्यंत, एका दमात. कोणी मशीन चालवलं नाही, कोणी पावाचं बोललं नाही. त्यालाही त्याची आठवण राहिली नाही.

मास्तर टेबलाशी आले, दोन्ही भाग एकावर एक ठेवून कड पाहिली. "एकीकडे झाली तर चूक," ते म्हणाले. "दोन्हीकडे झाली की बेत." या घरात स्तुतीची याहून लांब वाक्यं होत नसत.

"काखेतलं दिसणार नाही ना पण?" थोरलीने विचारलं.

"बाई जन्मभर दुसऱ्यांना हात वर करायला सांगत आल्या," आत्या म्हणाली. "स्वतः कशाला करतायत?" म्हणजे तिचं मत आता इकडच्या बाजूला आलं होतं. गल्ल्याची खुर्ची मात्र तिने सोडलेली नव्हती.

बेकरीची माणसं भट्टीची वेळ झाली म्हणून निघून गेली, गाडी पायरीशीच ठेवून. मग दुपारभर दुकानात कोणी बसलं नाही. मास्तर इस्त्रीने मुंढे दाबत होते. वजनदार इस्त्री धरली की त्यांचा हात थरथरत नाही हा शोध त्या दिवशी लागला. थोरली टाचण घालत होती. धाकटा सुया ओवत होता आणि चारातली एक बोटात घालत होता.

उन्हं उतरता उतरता बाई आल्या. कच्च्या टाक्यातला कोट त्यांच्या अंगावर चढवला आणि त्या आरशासमोर उभ्या राहिल्या. बसला होता. खांद्यावर तर असा, की मास्तरांनी मान दुसरीकडे वळवली. बाईंनी दोन्ही बाजूंनी वळून पाहिलं. मग त्यांनी, आरशासमोर कोणतीही बाई करते तसं, केस सारखे करायला हात वर केला. चांगला डोक्यापर्यंत.

आत्याने कपाळाला हात लावला.

काखेतला फिका पट्टा आरशात लख्ख दिसत होता. बाईंनी तो पाहिला. बोट लावून पाहिला. थोरला पुढे झाला, आणि या वेळी "माझं चुकतही असेल" तोंडातून निघालं नाही.

"घडी होती ती," तो म्हणाला. "कुठे ना कुठे यायचीच. पुढचा भाग माझ्या हातून बोटभर कमी आला, म्हणून तिथे घेतली."

"ह्यांची घडी," बाई म्हणाल्या. हात खाली घेऊन त्यांनी तो अंगाशी नीट दाबून धरला, त्या बाजूला काहीतरी ठेवल्यासारखा. "राहू दे. बगलेतच बरी. उद्या किती वाजता येऊ?"

त्या गेल्या तेव्हा उंच माणूस गाडी न्यायला आला होता. दारातून त्याने टेबलाकडे बघितलं. "मोकळं झालं?" त्याने धाकट्याला विचारलं.

सगळ्यांनी धाकट्याकडे पाहिलं. टेबल त्याने विकलं होतं, शब्द त्याचा होता. त्याची काचेची कपाटं त्याच्या डोळ्यांसमोरून एकेक करून गेली असावीत, कारण तो समोरच्या भिंतीकडे बघू लागला. "गणवेश समोरच्या भिंतीलाही बसतील म्हणा," तो म्हणाला, अर्धं दादाला, अर्धं स्वतःला. मग उंच माणसाला: "टेबल नाही. झेरॉक्सचं मशीन नेता का?"

मास्तर टेबल आवरत होते. कातरणं गोळा झाली, खडू डबीत गेला. सवयीने त्यांनी कात्री उचलली आणि चवड्यांवर उभे राहून खिळ्याकडे हात नेला.

"राहू द्या मास्तर," थोरला म्हणाला. "अस्तर बेतायचंय अजून."

त्याने अस्तराचं कापड टेबलावर झटकून पसरलं, दोन्ही तळव्यांनी सुरकुती काढली. खडूची एकच रेघ मारली. मग दुकानभर एकदा नजर फिरवली, मशीनवरच्या बायकोवर, भावावर, तोंड उघडण्याच्या बेतात असलेल्या आत्यावर, आणि बोलला.

"कात्री."

मशीन थांबलं. उंच माणूसही, त्याला कोणी काही सांगितलं नसताना, दारात गप्प उभा राहिला.